वाटा कमी होत जातात

चेतना येणार होती त्या दिवशी अकीलने भट्टीवर इस्त्रीचा शर्ट घातला. होळी जवळ आलेली, रमजान तोंडावर, कढई सकाळपासून चढलेली, आणि माझा नवरा पांढऱ्या शर्टात. एरवी या दिवसांत त्याचा एक बनियन आणि एक लुंगी ठरलेली. मी शिरीनला कडेवर घेऊन दारात उभी राहिले आणि शर्टाकडे बघत राहिले.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. वरचं बटण लाव."

आमचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. होळीला लेकराबाळांच्या गळ्यात आणि देवाला घालतात ते साखरेचे हार-कंगण आम्ही बनवतो. नंदुरबारच्या निम्म्या गल्ल्यांत आमचे हार जातात. पाक पुरेसा आटला की अकील पळीने तो कढईच्या कडेला घोटतो. घोटता घोटता पाक दुधाळ होतो, साखरायला लागतो, की लगेच दोरा ताणलेल्या लाकडी साच्यात ओतायचा. निवला की साचा उघडायचा. आत पांढराशुभ्र हार. दिसायला सोपं आहे. पण उकळत्या पाकाचा एक थेंब हातावर पडला तर कातडीला चिकटून आत जातो, म्हणून शेडच्या दाराला मी आडवी फळी ठोकून घेतली आहे. शिरीन अडीच वर्षांची. फळी तिच्या छातीपर्यंत येते. तरी माझी एक नजर तिथेच असते, जेवतानाही, नमाज पढतानाही. अल्ला माफ करो.

चेतना जवळच्याच कोरीट गावच्या पाटलांची. बी.एस्सी.पासून एम.एस्सी.पर्यंत आम्ही एका बाकावर होतो. दोघींचे मार्क जवळजवळ सारखे, वह्या सारख्या, देवरे सरांकडे प्रोजेक्टही दोघींचा एकच. प्रोजेक्ट काचेवर होता. खिडकीच्या नाही, काच होऊ शकणाऱ्या कुठल्याही द्रवावर. द्रव थंड होत गेला की त्यातल्या कणांपुढे दोन गोष्टी असतात. एक तर शिस्तीत रांगा लावून बसायचं, म्हणजे स्फटिक. नाहीतर रांगा लावायला सवडच मिळत नाही, जो जिथे असेल तिथे अडकतो, म्हणजे काच. काचेच्या आत सगळं द्रवासारखंच अस्ताव्यस्त असतं. फक्त हलता येत नाही.

एम.एस्सी. झाल्यावर ती पुण्याला गेली आणि मी या घरात आले. आता ती डॉक्टर चेतना पाटील. दुसऱ्या दिवशी विज्ञान दिनाला आमच्याच कॉलेजात तिचं व्याख्यान होतं. साखरेची काच करून दाखवायची म्हणून तिला आमची भट्टी हवी होती.

आणि अजून एक गोष्ट होती. देवरे सरांचा मला फोन आला होता. "चेतनाकडे एक जागा आहे. वर्षभराचं काम, घरी बसून, लॅपटॉपवर. द्रव थंड करत न्यायचा आणि त्यातले कण कसे मंद होतात ते बघायचं. तिला आपल्या भागातलं कुणीतरी हवंय. मी तुझं नाव सांगितलंय. ती विचारेल तुला."

तो फोन आल्यापासून मी लॅपटॉप दोनदा पुसला होता. आपण होऊन मी विचारणार नव्हते. चार वर्षांत तिने मला ईदला मेसेज केले, शिरीनच्या वेळी झबलं पाठवलं, पण "अलिशा, तू काय करतेस गं?" असं कधी विचारलं नाही. आता तिने विचारायला हवं होतं.

ती आली तीच मुळी अहिराणी बोलत. पायात भारी सँडल, गळ्यात पुण्याच्या संस्थेच्या ओळखपत्राची पट्टी, आणि फाटकातूनच, "काकू, काम कसं चाली ऱ्हायनं?"

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, हलीमाबी. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण बाजारात, गिऱ्हाइकांशी अम्मी अहिराणीच बोलतात. त्या शेडच्या दाराशी टाकलेल्या खाटेवरून उठल्याच. "ये माय, ये, बैस. कितली वाळी गयी तू! पुण्याले खावाले देतंस नई का?"

मी वाळले तेव्हा अम्मी म्हणाल्या होत्या, दूध सुटेल पोरीचं.

चेतनाने मला मिठी मारली. तिच्या अंगाला कसलातरी महागडा, सौम्य वास होता. माझ्या अंगाला पाकाचा आणि शिरीनने ओकलेल्या केळ्याचा. आणि शिरीन, जी अनोळखी माणूस दिसलं की माझ्या मानेत तोंड खुपसते, ती सरळ हात पसरून चेतनाकडे गेली. तिचा चष्मा ओढला, पट्टी तोंडात घातली, हसली.

"अरे वा, मावशी आवडली!" अकील शेडमधून म्हणाला.

"चष्मा आवडला," मी म्हणाले.

चेतनाने शिरीनला माझ्याकडे दिलं आणि फळी ओलांडून आत गेली. तिला पाक दोन तऱ्हेने हवा होता. एक आमच्यासारखा घोटून पांढरा केलेला, आणि एक अजिबात न घोटता, थंड ताटात ओतून पारदर्शक राहिलेला. साखर तीच, कढई तीच; एकीचा स्फटिक, एकीची काच. "आणि न घोटलेल्यात थोडं लिंबू पिळायचं," ती म्हणाली, "म्हणजे तो साखरणार नाही."

मी फळीपाशी अकीलकडे बघत उभी राहिले. हार-कंगणाच्या दिवसांत आमच्या घरात लिंबू येत नाही. भट्टीवर तर नाहीच, स्वयंपाकघरातही नाही. ताटात लिंबाचं लोणचंसुद्धा अम्मी वाढत नाहीत. थेंबभर आंबट कढईत गेलं की घाणा बसला. पाक साखरतच नाही, चिकट राहतो, साच्यातून हार निघत नाही. मागच्या वर्षी मी उन्हातून आले आणि हातात सरबताचा ग्लास घेऊन शेडच्या दाराशी उभी राहिले, नुसती उभी, तर अकील केवढ्यांदा ओरडला होता. शिरीन दचकून रडली होती.

अकीलने मान खाजवली. "लिंबू," तो म्हणाला.

"चालणार नाही का, अकीलभाई?"

"चालेल की. वेगळं पातेलं घेऊ. बाजूच्या चुलीवर. विज्ञानासाठी काय एवढं."

विज्ञानासाठी! माझा हात शिरीनच्या पाठीवर जरा जोरात पडला असणार, कारण ती कुरकुरली.

मग त्याने तिला सगळं दाखवलं. पाकाची तार बोटावर कशी बघायची, घोटताना आवाज कसा बदलतो, कुठल्या क्षणी ओतायचं. तिने न घोटलेला पाक स्टीलच्या ताटात ओतला, ताट पाण्यावर ठेवलं. थोड्या वेळाने ताटाचा तळ जसाच्या तसा दिसत होता; वर साखरेची जाड, सोनेरी काच. अम्मीसुद्धा वाकून बघायला आल्या. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं आणि त्यांनी पदर सारखा केला.

"आता बोलून दाखवा ना उद्याचं," अकील म्हणाला. "आम्हाला काय, कॉलेजात कोण घेणार." आणि चक्क कढई उतरवून पोत्यावर बसला.

चेतना बोलायला लागली. चांगलं बोलते ती, हे मान्य करायलाच हवं. "समजा दोन द्रव आहेत. दोघांच्या आतला फोटो काढला तर कण जवळजवळ सारखेच बसलेले. कोणाच्या शेजारी कोण, किती अंतरावर, सगळं सारखं. पण थंड करत गेलं की एक वाहत राहतो आणि दुसरा त्याच्या हजारपट मंद होतो. का?"

"का?" अकील म्हणाला. चार वर्षांत या माणसाने मला का असं काही विचारलेलं मला आठवत नाही. भाजी का खारट झाली, एवढं सोडलं तर.

"कारण," चेतना म्हणाली, आणि तिने हात असा पसरला जणू समोर हॉल भरलाय, "गर्दीत वाट बंद होत नाही. वाटा कमी होत जातात."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ते वाक्य माझं आहे. एस.टी. स्टँडवर ती कोरीटच्या गाडीची वाट बघत होती, मी तिला सोडायला गेले होते, लग्नसराईची गर्दी होती. आमचं नेहमीचं भांडण चाललेलं. ती म्हणायची, कण अडकतो तो रचनेमुळे. शेजारी कोण बसलंय आणि किती चिकटून, त्यावर सगळं. मी म्हणायचे, एन्ट्रॉपी बघ; मांडणीचे किती पर्याय शिल्लक आहेत ते मोज. आणि तिथे, एका बाईची ट्रंक माझ्या गुडघ्याला लागत असताना, मी म्हणाले होते: गर्दीत वाट बंद होत नाही गं, वाटा कमी होत जातात. आणि कमी झाल्या की एकाला सरकायचं तर दहा जणांना एकदम सरकावं लागतं, म्हणून सगळं मंद होतं.

"वाटा कमी झाल्या," चेतना अकीलला सांगत होती, "की एकाला सरकायचं तर दहा जणांना एकदम सरकावं लागतं."

दहासुद्धा माझे होते. तिने निदान वीस तरी करायचे.

"वा!" अकील म्हणाला. "क्या बात है."

शिरीनने नेमकं तेव्हाच चड्डी ओली केली. मी तिला घेऊन नळावर गेले. नळ शेडच्या भिंतीला लागून आहे आणि भिंत पत्र्याची आहे. मी कान लावला नव्हता. तिथे कान न लावताही सगळं ऐकू येतं.

"काकू, एक विचारू का?" चेतनाचा आवाज. "माझ्याकडे एक वर्षभराचं काम आहे. घरूनच करायचं. अलिशाने केलं तर... म्हणजे घरातून तुमचं सगळ्यांचं हो असेल तर."

माझ्या हातातला मग तसाच राहिला. शिरीन थंड पाण्याखाली नाचायला लागली.

"तिले कोठे जमी माय?" अम्मी म्हणाल्या. "लेकरू धाकलं शे. घर शे, भट्टी शे."

मी अकीलची वाट बघितली. त्याने फक्त खोकल्यासारखं काहीतरी केलं.

"हो, तेही खरंच," चेतना म्हणाली. इतक्या सहज! "बरं मग, मी ममताला विचारते."

मी शिरीनला तशीच, ओल्या ढुंगणाची, कडेवर टाकली आणि फळीपाशी आले. चेतनाच्या हातात फोन होता, अंगठा अजून पडद्यावर.

"जागा माझ्यासाठी होती तर मला विचारायचं," मी म्हणाले.

तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

"अगं, घरच्यांना विचारल्याशिवाय कसं..." चेतना म्हणाली. "आपल्याकडे असंच असतं ना. कोरीटला कुणाच्या सुनेला काम सांगायचं तर आधी सासूला..."

"तू पुण्याला निघालीस तेव्हा माझ्या सासूला विचारलं होतंस?"

अकीलला हसू आलं, ते त्याने पळीत बघून गिळलं.

"आणि ते वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"वाटांचं. एस.टी. स्टँडवरचं. दहा जणही माझे."

चेतनाने चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती एकदम पूर्वीसारखी दिसायला लागली, आणि त्याचाही मला राग आला. "तुझं?" ती म्हणाली. "मला तर वाटत होतं सरांचं आहे. मी सगळीकडे हेच बोलत आलेय, अलिशा. बंगळूरलासुद्धा."

"विमानाने गेलं असेल माझं वाक्य. मी अजून सुरतच्या पुढे गेले नाही."

"पण तू तेव्हा म्हणायचीस की रचनेने काहीच होत नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, अगदी बाकावर चढायचा तसा. "ते साफ चूक होतं. त्या दोन द्रवांच्या रचनेत केसाएवढा फरक असतो, फोटोत दिसत नाही एवढा. पण त्या केसाएवढ्या फरकाने मांडणीचे पर्याय घटतात, आणि पर्याय थोडे घटले की सरकायला लागणारा वेळ हजारपट वाढतो. म्हणजे रचना एन्ट्रॉपीच्या आडून काम करते. हे मी केलंय. रात्रंदिवस बसून केलंय."

"म्हणजे अर्धं माझं बरोबर होतं."

"अर्धं माझं."

"मग अर्ध्या ठिकाणी माझं नाव घे!" मी म्हणाले. "आणि केसाएवढा फरक मला सांगतेस? आपल्या दोघींचा फोटो काढ. एक बाक, एक प्रोजेक्ट. आता बघ. तू उठतेस आणि निघतेस. मला एक तास उठायचं तर अम्मींनी दुपारची झोप सोडायची, यांनी भट्टी थांबवायची, शिरीनने झोपायचं, दूधवाल्याने वेळेवर यायचं, आणि सगळं एकाच वेळी. एकजण हलला नाही की मी जागच्या जागी. एन्ट्रॉपी मी पुस्तकात वाचत नाही आता."

बाजूच्या चुलीवरचं पातेलं तडतडलं.

"ती काय सांगी ऱ्हायनी?" अम्मींनी अकीलला विचारलं.

"तिला काम हवंय, अम्मी," अकील म्हणाला. "आणि तू नाही म्हणालीस."

"ओ माय!" अम्मींनी छातीवर हात ठेवला. "मी नई म्हनं का? मी ते फक्त म्हनं, तिले कोठे जमी!" मग त्या चेतनाकडे वळल्या, खरोखर दुखावल्यासारख्या. "तू परत इचारती ना! पाहुनी समोर बसेल शे, आनी आम्ही एकदम हा म्हनतस का? चहाले तरी कोनी पहिल्यांदा हा म्हनस का? कोरीटनी आंडेर, कोरीटनी पोर शे ना तू?"

चेतनाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

तेव्हा मला कळलं, आणि मला अम्मींवर रागावताही येईना. पहिल्या वेळी नको म्हणायचं. चहाला, साडीला, मुलीच्या मागणीला, कामाला. मग समोरच्याने दुसऱ्यांदा विचारायचं, आग्रह करायचा, मग "बरं, तुम्ही म्हणता तर". लगेच हो म्हणणं म्हणजे टपून बसल्यासारखं दिसतं. चेतना हे जन्मापासून बघत आली होती आणि पुण्यात विसरून आली. तिकडे म्हणे नाही म्हणजे नाही असतं.

"मी दुपारनी झोप सोडसू," अम्मी पुटपुटल्या. "झोप काय, कबरमा शेच."

"आणि तुम्ही?" मी अकीलला विचारलं. "तुम्ही का खोकलात?"

"मी आग्रहाची वाट बघत होतो," तो म्हणाला. मग शर्टावरचा पाकाचा डाग नखाने खरवडत, "तुला एवढं येतं, ते कधी सांगितलं नाहीस."

"कधी विचारलंत?"

"उद्यापासून दोनदा विचारतो."

मला हसायचं नव्हतं. थोडंसं आलं.

पण चेतना हसत नव्हती. ती फोनकडे बघत होती. "अलिशा, मी ममताला मेसेज केलाय गं. आत्ताच. जागा एकच आहे."

ममता वळवी तळोद्याची. आमच्या मागून दोन वर्षांनी आलेली. हुशार होती, आमच्या दोघींइतकी, कदाचित थोडी जास्तच. डोंगरातल्या गावातून जीपने तळोद्याला, तिथून एस.टी.ने नंदुरबारला यायची. आता तासिका तत्त्वावर कुठेतरी शिकवते, असं ऐकलं होतं. प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावर असायची. कँटीनमध्ये तिला चहा तीनदा विचारावा लागायचा. पहिल्यांदा "नको ताई". दुसऱ्यांदा "मला कुठे". तिसऱ्यांदा घ्यायची, आणि मग बशीतला शेवटचा थेंबसुद्धा सोडायची नाही.

फोन वाजला. चेतनाने वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. तिने फोन माझ्यासमोर धरला. "बघ, सुटला प्रश्न. नाही म्हणाली."

पडद्यावर होतं: "ताई, मला कुठे जमणार एवढं मोठं काम." आणि पुढे जोडलेले हात.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. अम्मींना मराठी वाचता येत नाही. अकील कढई परत चढवत होता.

"तर आता तुला विचारते," चेतना म्हणाली. "तुलाच. करशील?"

चेतनाच्या खांद्यामागून अम्मी मला हाताने खुणा करत होत्या: थांब, आधी नको म्हण, जरा मान राहू दे.

"हो," मी म्हणाले.

अम्मींनी कपाळावर हात मारला. चेतना हसली, "बरं झालं बाई, एकदाचं कुणीतरी सरळ बोललं," आणि तिने ममताला लिहिलं, 'काही हरकत नाही गं, पुढच्या वेळी बघू.' फोन खाटेवर टाकून ती हात धुवायला नळावर गेली; बोटं चिकट झाली होती तिची. जाता जाता म्हणाली, "उद्या तुझं नाव घेणार मी. वाक्याच्या आधी."

मी खाटेवर बसले आणि शिरीनला कोरडी चड्डी घालायला लागले. फोन माझ्या मांडीशेजारी पडला होता, पडदा उजळलेला. दोन खुणा निळ्या झाल्या. ममताच्या नावाखाली आलं, टाइप करत आहे. मग गेलं. मग परत आलं, बराच वेळ राहिलं, आणि गेलं.

तिला अजून एकदा विचार, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं मला. नळ भिंतीपलीकडेच होता, पत्र्याची भिंत, हळू बोलले असते तरी चेतनाला ऐकू गेलं असतं. शिरीन एक पाय घालू देत होती आणि दुसरा बाहेर काढत होती. मी तो परत आत घातला.

चेतना ओढणीला हात पुसत आली. "काही आलं का गं तिचं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच काही आलं नव्हतं.